दिवा हलवावा की नजर?

औष्णिक वीज केंद्रात बंद असलेला संच पुन्हा सुरू करताना लॉगबुकात एक नोंद हमखास होते: 'बॉयलर लाइट-अप'. भट्टीत साचलेला वायू आधी हवेच्या झोताने बाहेर काढतात, मग इग्नायटरच्या ठिणगीवर ऑइल गन पेटवतात. भट्टी पुरेशी तापली की मगच दळलेल्या कोळशाची पाळी येते. या पेटवणीसाठी वापरल्या जाणाऱ्या तेलांपैकी एक म्हणजे एलडीओ, अर्थात लाइट डिझेल ऑइल. एकाच कामात दोन 'लाइट' आले आणि त्यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. पहिला पेटण्याचा. दुसरा वजनाचा: जड फर्नेस ऑइलच्या मानाने हे तेल हलकं, म्हणून ते 'लाइट'.

नागपूरच्या उत्तरेला, सावनेर तालुक्यातल्या खापरखेड्यात ही शब्दांची जोडी रोजच्या कामातली आहे. इथल्या केंद्रात २१० मेगावॅटचे चार आणि ५०० मेगावॅटचा एक असे पाच संच आहेत. एकूण क्षमता १३४० मेगावॅट. ज्या गावाच्या चिमण्या दुरून दिसतात आणि ज्याची ओळखच उजेडावर उभी आहे, तिथल्या मुलामुलींना स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजी पेपरात 'लाइट' या साध्या शब्दाने अडखळायला लावावं, याला नशिबाचा खेळ म्हणायचं. चूक त्यांची नाही. शाळेत 'लाइट म्हणजे प्रकाश' एवढंच शिकवून पुढचं पान उलटलं जातं.

एक वाक्य घ्या. 'द मॅनेजर मेड लाइट ऑफ द अ‍ॅक्सिडेंट.' भाषांतराच्या प्रश्नात याचं उत्तर 'व्यवस्थापकांनी अपघातावर प्रकाश टाकला' असं लिहिलं जाऊ शकतं आणि ते अर्थाच्या बरोबर उलट आहे. व्यवस्थापकांनी अपघात हसण्यावारी नेला, असं ते वाक्य सांगतं. हा 'लाइट' डिझेल ऑइलमधला आहे, वजनाचा.

भाषाशास्त्रज्ञांनी या दोन शब्दांची कुळं वेगळी लावली आहेत. उजेडाचा 'लाइट' ज्या मुळातून आला, त्याच मुळातून संस्कृतातले 'रुच्', 'लोचन', 'आलोक' हे शब्द आले. म्हणजे आपली 'आलोचना' आणि ताटातल्या भाजीची 'रुची' या दोघीही इंग्रजी उजेडाच्या लांबच्या बहिणी. वजनाचा 'लाइट' मात्र 'लघु'च्या घराण्यातला. त्या 'लघु'तलीच अक्षरं उलटसुलट होत होत आपल्याकडे 'हळू' आणि 'हलका' तयार झाले. त्यामुळे 'मेक लाइट ऑफ' दिसलं की नागपूरकडे सर्रास बोललं जाणारं 'हलक्यात घेणे' आठवावं. अर्थ जुळतो आणि शब्दाचं घराणंही जुळतं. अशी फुकटची सोय भाषेत क्वचितच मिळते. 'लाइट-हार्टेड', 'ट्रॅव्हल लाइट', 'लाइट रीडिंग' ही सगळी याच हलक्या बाजूची मंडळी. गाडीतून उतरण्याला 'अलाइट' म्हणतात तेही वजनातूनच आलं, आणि पेटलेल्या वस्तूला 'अलाइट' म्हणतात ते उजेडातून. स्पेलिंग एकच.

हा गुंता सोडवला की खरा विषय सुरू होतो. आकलन आणि निवाडा यांबद्दल बोलताना इंग्रजी माणूस पदोपदी उजेड का आणतो, आणि तो उजेड मराठीत आणावा की आणू नये?

सिल्लेवाडा, सावनेर या पट्ट्यात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या कोळसा खाणी आहेत. भूमिगत खाणीत उतरणाऱ्या कामगाराच्या टोपीवर, कपाळाच्या वर, कॅप लॅम्प लावलेला असतो. तो जिकडे मान वळवेल तिकडे उजेड. त्याच्यापुरती नजर आणि दिवा एकत्रच फिरतात. भाषेला मात्र हे दोन वेगळे करता येतात, आणि इंग्रजी व मराठीच्या वाटा नेमक्या इथे फुटतात. एखाद्या माणसाबद्दलचं मत बदललं तर इंग्रजी माणूस म्हणतो, 'आय सॉ हिम इन अ न्यू लाइट.' माणूस तोच, त्याच्यावर पडलेला उजेड नवा. मराठी माणूस म्हणतो, 'मी त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागलो.' उजेड होता तसाच, डोळा बदलला. इंग्रजीत दिवा हलतो, मराठीत नजर हलते.

समजणं म्हणजे दिसणं, हे रूपक दोन्ही भाषांत आहे. 'आय सी' म्हणणारा इंग्रज आणि 'मला यात काही अर्थ दिसत नाही' म्हणणारा मराठी माणूस एकाच पंक्तीत बसतात. जॉर्ज लेकॉफ आणि मार्क जॉन्सन यांनी १९८० साली 'मेटाफर्स वी लिव्ह बाय' या पुस्तकात अशा रूपकांवरच सगळी मांडणी केली. मराठीतही 'परीक्षा', 'समीक्षा', 'निरीक्षण' या तिन्ही शब्दांत 'ईक्ष्' म्हणजे पाहणे हाच धातू बसला आहे. पाहण्यासाठी लागतात दोन गोष्टी, डोळा आणि उजेड. कोणती भाषा कोणत्या वेळी दोहोंपैकी कशावर बोट ठेवते, एवढं ध्यानात आलं तर भाषांतरातल्या निम्म्या चुका टळतात.

आता सगळ्यात जास्त वापरला जाणारा आणि म्हणून सगळ्यात जास्त चुकणारा वाक्प्रचार: 'इन द लाइट ऑफ'. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत मध्ये 'द' असतो, अमेरिकेत तो बहुधा गळतो आणि 'इन लाइट ऑफ' उरतं. दोन्ही बरोबर, एका पत्रात एकच वळण ठेवावं. चूक होते ती वेगळीच. आपल्याकडच्या कार्यालयीन पत्रांत 'इन लाइट ऑफ युअर लेटर डेटेड अमुक' अशी सुरुवात दिसते. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं 'आपल्या पत्राच्या संदर्भात'. त्यासाठी 'विथ रेफरन्स टु' हा साधा शब्दप्रयोग आहे. 'इन द लाइट ऑफ'च्या पुढे अशी माहिती हवी, की जिच्यामुळे निर्णय घेतला गेला किंवा आधीचं मत फिरलं. तपासणीत बॉयलरची नळी झिजलेली आढळली, म्हणून संच आणखी चार दिवस बंद ठेवायचं ठरलं. इथे 'इन द लाइट ऑफ द इन्स्पेक्शन रिपोर्ट' शोभून दिसतं. अहवाल आला, त्याने उजेड पाडला, त्या उजेडात निर्णय बदलला. नुसतं 'पत्र मिळालं' हे कळवायला एवढा दिवा पेटवायची गरज नाही.

मराठीत याचं काय करावं? 'या अहवालाच्या प्रकाशात' असं लिहिलेलं न्यायालयीन आणि सरकारी मराठीत भेटतं. ते कळतं, पण त्याला भाषांतराचा वास येतो. मराठीचं स्वतःचं चलन आहे 'हे पाहता', 'हे लक्षात घेता', आणि पत्रव्यवहारात 'या अनुषंगाने'. 'हे पाहता' हा तर ठेवणीतला शब्द मानावा. इंग्रजीने बाहेर ठेवलेला दिवा मराठीने तीन अक्षरी क्रियापदात, डोळ्याच्या आत घेतला आहे. वर्तमानपत्रांना 'पार्श्वभूमीवर' फार आवडतं. ते अधूनमधून ठीक. पण एकाच बातमीत तीन वेळा आलं की पार्श्वभूमीच तेवढी उरते, पुढे काही दिसत नाही.

'थ्रो लाइट ऑन', 'शेड लाइट ऑन' आणि 'कास्ट लाइट ऑन' यांचा अर्थ जवळजवळ एकच. 'थ्रो' आपल्याकडच्या प्रश्नपत्रिकांत मुरलेलं आहे, आजच्या इंग्रजीत 'शेड' अधिक चालतं, 'कास्ट' जरा पुस्तकी. त्याची खरी दोस्ती सावली आणि संशय यांच्याशी, 'कास्ट अ शॅडो', 'कास्ट डाउट'. यातली खोच कर्त्यात आहे. इंग्रजीत उजेड बहुतेक वेळा पुरावा टाकतो: सापडलेलं पत्र, नवं संशोधन, साक्षीदाराचा जबाब. आपल्याकडे कोणत्याही जयंतीची बातमी काढून पाहा. प्रमुख पाहुण्यांनी महापुरुषाच्या जीवनकार्यावर 'प्रकाश टाकला' हे वाक्य तिसऱ्या ओळीत बसलेलं असतंच. पाहुण्यांनी दहा मिनिटं भाषण केलं, एवढाच त्याचा अर्थ. या बातमीचं इंग्रजी करताना 'शेड लाइट' लिहिलं तर इंग्रजी वाचक विचारील, आजवर अज्ञात असं नेमकं काय कळलं? तिथे 'स्पोक अबाउट' पुरे. माणूस कर्ता म्हणून चालतोच, पण तो विनंतीत: 'कुड यू शेड सम लाइट ऑन धिस?' हा खुलासा मागण्याचा सभ्य मार्ग आहे, मुलाखतीत आणि ईमेलमध्ये उपयोगी पडणारा.

'कम टु लाइट' आणि 'ब्रिंग टु लाइट' हे एकाच नाण्याचे दोन चेहरे. पहिल्यात गोष्ट आपोआप बाहेर येते, दुसऱ्यात कुणीतरी काढतं. मधे 'द' घालायचा नाही. 'केम टु द लाइट' म्हटलं की किडा दिव्याजवळ आल्यासारखं वाटतं. मराठीत इथे उजेड चालतो, 'उजेडात येणे' आहेच. पण मराठीने या एका कामासाठी भलतीच श्रीमंती बाळगली आहे. घोटाळा 'उघडकीस' येतो, भांडण 'चव्हाट्यावर' येतं, लबाडाचं 'बिंग' फुटतं, आणि नागपूर भागात हिंदीच्या शेजारामुळे प्रकरण 'उजागर' होतं. 'उघडकीस येणे' वाईटासाठीच राखलेलं. जुनं हस्तलिखित उघडकीस आलं असं कुणी म्हणत नाही, ते 'उजेडात' येतं. आणि गुणी गायक 'प्रकाशझोतात' येतो. त्या गायकासाठी इंग्रजीत 'केम टु लाइट' लिहिलं तर तो आजवर कुठे दडून होता, अशी शंका येईल. त्याच्यासाठी शब्द आहे 'लाइमलाइट'.

या लाइमचा लिंबाशी संबंध नाही. लाइम म्हणजे चुना, कळीचा चुना. ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्वाळेत तो तापवला की लख्ख पांढरा उजेड देतो. थॉमस ड्रमंड यांनी १८२० च्या दशकात आयर्लंडच्या भूमापनात या उजेडाचा वापर केला, आणि १८३७ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात तो रंगमंचावर आला. नटावर चुन्याचा उजेड पडला की तो 'इन द लाइमलाइट'. मराठीत चुना लागला तर माणूस फसतो; इंग्रजीत तो प्रसिद्ध होतो.

'सी द लाइट' जपून वापरावं. बायबलमध्ये दमास्कसच्या वाटेवर पौलाभोवती आकाशातून उजेड पडतो आणि ख्रिस्ताच्या अनुयायांचा छळ करणारा हा माणूस स्वतःच अनुयायी होतो. अशा अंतर्बाह्य बदलाची छाया या शब्दांवर आहे. त्यामुळे गणित सुटलं म्हणून 'आय सॉ द लाइट' म्हटलं तर ऐकणारा गालात हसेल. बोलण्यात ते बहुतेक चिमटा काढायलाच वापरतात: साहेबांनी अखेर 'सॉ द लाइट', म्हणजे खूप आढेवेढे घेऊन शेवटी आमचंच म्हणणं मान्य केलं. गणितासाठी 'इट डॉन्ड ऑन मी' आहे, मनात पहाट झाली. आपल्याकडे 'डोक्यात प्रकाश पडतो', आणि घरगुती बोलीत 'ट्यूब पेटते'.

ट्यूबवरून आठवलं. सावकाश समजणाऱ्याला 'ट्यूबलाइट' म्हणणं हा अस्सल भारतीय शोध आहे. २०१७ मध्ये त्याच नावाचा हिंदी चित्रपटही येऊन गेला. चोक आणि स्टार्टरवर चालणारी जुनी ट्यूब दोनचार वेळा फडफडून मग लागायची, त्यावरून ही शिवी जन्मली. एलईडीची ट्यूब बटण दाबताच लागते, तेव्हा आणखी काही वर्षांनी लहान मुलं विचारतील की ट्यूबलाइट म्हणजे मंद कसा? भारताबाहेरच्या इंग्रजी माणसाला तर ते आजही कळत नाही. त्याच्यासाठी 'स्लो ऑन द अपटेक' म्हणावं, किंवा मित्रापुरतं 'अ बिट डिम'. आणि 'डिम' म्हणजे मंद असलं तरी 'टु टेक अ डिम व्ह्यू' म्हणजे अंधुक दिसणं नव्हे. त्याचा अर्थ नापसंती. 'द कोर्ट टुक अ डिम व्ह्यू ऑफ द डिले' म्हणजे विलंब न्यायालयाला रुचला नाही. वर पाहिलेली 'रुची' इथे कामाला आली.

'सी द लाइट'ला 'ऑफ डे' ही शेपटी लावली की प्राणीच बदलतो. 'द रिपोर्ट नेव्हर सॉ द लाइट ऑफ डे' म्हणजे अहवाल प्रसिद्धच झाला नाही. हा प्रयोग बहुधा नकारातच होतो. मराठीत असा अहवाल 'धूळ खात' पडतो किंवा 'बासनात' जातो. गंमत अशी, की जे प्रसिद्ध होतं त्यासाठी मराठीने मात्र सरळ उजेडाचाच शब्द घेतला. 'प्रकाशन', 'प्रकाशक', 'प्रकाशित'. ज्ञानेश्वरांच्या शके १२१२ मधल्या टीकेचं नाव 'भावार्थदीपिका'. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केलं, मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारी छापणारं. १८४१ मध्ये भाऊ महाजनांचं 'प्रभाकर' आलं, १८४९ मध्ये पुण्यात 'ज्ञानप्रकाश'. आरसा, सूर्य आणि उजेड; पहिल्या संपादकांनी नावं ठेवताना डोळ्यांचाच विचार केलेला दिसतो. तेव्हा मराठी माणूस दिवा वापरतच नाही असं मुळीच नाही. ज्ञान पसरवायचं असेल तेव्हा तो समई लावतो. निवाडा करायचा असेल तेव्हा डोळे चोळतो.

निवाड्यातला सर्वांत नाजूक प्रयोग म्हणजे 'इन अ बॅड लाइट'. 'द लेटर पुट्स अस इन अ बॅड लाइट', 'द फिल्म शोज द व्हिलेज इन अ पुअर लाइट'. इथे क्रियापदं ठरलेली आहेत: पुट, शो, पोर्ट्रे, पेंट. शाळेच्या गॅदरिंगमध्ये भुताचं काम करणारं पोर हनुवटीखाली बॅटरी धरतं आणि रोजचा मित्र एकदम भेसूर दिसतो. बॅड लाइट म्हणजे ते. चेहरा खोटा नाही, दिव्याची जागा खोडसाळ आहे. म्हणून हा वाक्प्रचार 'बदनामी'पेक्षा सौम्य आणि पत्रव्यवहारात सोयीचा. समोरचा खोटं बोलला असा आरोप न करता, त्याने मांडणी अशी केली की आम्ही वाईट दिसलो, एवढंच सांगता येतं. मराठी इथे दिवा सोडून रंगाचा डबा उघडते: एखाद्याला 'काळ्या रंगात रंगवणे', गोष्ट 'रंगवून सांगणे', टोकाला गेलं तर 'तोंडाला काळं फासणे'. सौम्यपणा हवा असेल तर 'आमची बाजू चुकीची दिसते' हे पुरेसं आहे.

आणि 'इन द कोल्ड लाइट ऑफ डे'. रात्री रागाच्या भरात लिहिलेला राजीनामा सकाळी मूर्खपणाचा वाटतो, तो हा थंड उजेड. मराठीत थंडपणा उजेडात नसतो, डोक्यात असतो. आपण 'थंड डोक्याने' विचार करतो. दिवा बाहेर, नजर आत, हा फरक इथे सगळ्यात स्वच्छ दिसतो.

उलट्या दिशेने, म्हणजे मराठीतून इंग्रजीत जाताना, खड्डा वेगळा आहे. तो उपरोधाचा. 'काय दिवे लावलेस परीक्षेत?' किंवा 'मोठा उजेड पाडलास!' यांत दिवाही नाही आणि उजेडही नाही. 'दिवटा' म्हणजे मुळात मशाल, पण 'दिवटे चिरंजीव' म्हटलं की घराण्याची अब्रू घालवणारा मुलगा डोळ्यांपुढे येतो. शब्दशः भाषांतर केलं तर शिव्याशापांचं कौतुक होऊन बसेल. इंग्रजीत 'लीडिंग लाइट' ही खरी स्तुती आहे, क्षेत्रातला अग्रगण्य माणूस. उपरोध हवाच असेल तर ब्रिटिश इंग्रजीत 'ब्राइट स्पार्क' आहे: 'विच ब्राइट स्पार्क स्विच्ड दॅट ऑफ?' म्हणजे कोणत्या दिवट्याने ते बंद केलं?

'दिव्याखाली अंधार' ही म्हण वीज केंद्राशेजारच्या गावांत भारनियमनाच्या दिवसांत ऐकू आली नसती तरच नवल. हिच्याशी दिसायला सारखी इंग्रजी म्हण आहे 'हाइड युअर लाइट अंडर अ बुशेल'. बुशेल म्हणजे धान्याचं माप, आपल्या पायलीसारखं. पायलीखाली दिवा झाकणं. तिचा अर्थ मात्र निराळा: अंगचे गुण संकोचाने लपवून ठेवणं. नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या बुजऱ्या मुलाला सांगायची म्हण आहे ही. दिव्याखालच्या अंधारासाठी इंग्रजीत दिवा शोधत बसू नये, सरळ वाक्य करावं.

उजेडाच्या आधाराने माणसाची आकलनशक्तीच कशी मोडता येते, याचा शब्दही इंग्रजीने दिला. पॅट्रिक हॅमिल्टन यांचं 'गॅस लाइट' हे नाटक १९३८ चं. १९४४ च्या हॉलिवूड चित्रपटासाठी इन्ग्रिड बर्गमन यांना ऑस्कर मिळालं. घरातले गॅसचे दिवे मधूनच मंद होतात. बायकोला ते दिसतं. नवरा म्हणतो, तुला भास होतो. खरं तर वरच्या मजल्यावर तोच चोरून दिवा लावत असतो. त्यावरून 'गॅसलाइटिंग': दुसऱ्याला स्वतःच्याच डोळ्यांवर शंका घ्यायला लावणं. मेरियम-वेब्स्टर कोशाने २०२२ चा शब्द म्हणून तो निवडला. नुसत्या खोटं बोलण्याला किंवा मतभेदाला गॅसलाइटिंग म्हणायची फॅशन आहे, ती टाळावी. मराठीत 'वेड्यात काढणे' सर्वांत जवळ जातं.

'ग्रीन लाइट' म्हणजे परवानगी, ही रेल्वेच्या सिग्नलची देणगी. पण वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये पाहुण्याने सावध असावं: तिथल्या पॅनेलवर साधारणपणे ब्रेकर चालू असेल तर लाल दिवा आणि बंद असेल तर हिरवा. एकाचा होकार तो दुसऱ्याचा विश्राम.

हे सगळं पाठ करण्याचा एक उपाय अनुभवाने टिकलेला आहे. वहीत 'लाइट' हा शब्द एकटा लिहू नये. क्रियापद, 'लाइट' आणि पुढचं शब्दयोगी असा अख्खा तुकडा लिहावा, समोर अर्थ नव्हे तर एक वाक्य लिहावं, आणि ते वाक्य आपल्या गावातलं असावं: कोळशाचं, राखेच्या तलावाचं, ग्रामपंचायतीच्या ठरावाचं. प्रत्येक तुकड्यापुढे एक खूण करावी, 'हलका' की 'उजेड'. कोशात पाहताना नाम आणि विशेषण यांच्या नोंदी वेगळ्या असतात. वाक्प्रचार नोंदीच्या तळाशी दिलेले असतात आणि घाई करणारा तिथपर्यंत पोचत नाही. भाषांतर करताना आधी विचारावं, इथे इंग्रजीने दिवा हलवला आहे का? हलवला असेल तर मराठीत बहुधा नजर, रंग किंवा डोकं लागेल. काही लपलेलं बाहेर आलं असेल तर उजेड राहू द्यावा.

आणि एक अगदी रोजचं. महाराष्ट्रभर 'लाइट जाते', विदर्भात 'लाइन जाते', आणि महिन्याला 'लाइट बिल' येतं. परदेशी साहेबासोबत व्हिडिओ कॉल चालू असताना वीज गेली, की मोबाइलवरून घाईघाईने 'लाइट हॅज गॉन' असा निरोप जातो. साहेबाला वाटतं, खोलीतला एक दिवा गेला. त्यासाठी बैठक कशाला सोडावी? तेव्हा लिहावं, 'द पॉवर इज आउट.'